अंथरुणातला अंतराळप्रवास

२०१९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरातून निघालेल्या एका आवाहनाची जगभरच्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली. काम सोपे वाटत होते. ६० दिवस अंथरुणात पडून राहायचे. जेवण जागेवर, अंघोळ जागेवर, पुस्तके आणि चित्रपट हवे तितके. वर १६,५०० युरो मोबदला, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण तेरा लाख रुपये. झोपा काढण्याचे पैसे मिळणार, अशी या बातमीची थट्टाही भरपूर झाली.

ज्यांची निवड झाली त्यांना मात्र हे काम थट्टेचे वाटले नसणार. १६ पुरुष आणि ८ स्त्रिया अशा २४ निरोगी स्वयंसेवकांना बारा-बाराच्या दोन तुकड्यांत दाखल करून घेण्यात आले. एकूण मुक्काम ८९ दिवसांचा होता. आधी १५ दिवस तपासण्यांचे, मग ६० दिवस अंथरुणाचे आणि शेवटचे १४ दिवस पुन्हा पायांवर उभे राहण्याचे. खाट सपाट नव्हती. डोक्याकडची बाजू सहा अंशांनी खाली झुकवलेली होती. साधारण दोन मीटर लांबीच्या खाटेत याचा अर्थ असा, की पायांकडची बाजू डोक्याकडच्या बाजूपेक्षा जवळजवळ वीतभर उंच. कूस बदलायला परवानगी होती, पण एक खांदा सतत गादीला टेकलेला हवा. जेवायचे तेही असेच आडवे राहून. नैसर्गिक विधींसाठी भांडे आणि अंघोळीसाठी चाकांची आडवी गाडी.

हा प्रयोग जर्मन एरोस्पेस सेंटर, अमेरिकेची नासा आणि युरोपीय अंतराळ संस्था यांनी मिळून केला होता. धडधाकट माणसांना दोन महिने खाटेवर आडवे ठेवायचे आणि त्यातून अंतराळात तरंगणाऱ्या माणसाच्या शरीराविषयी शिकायचे, ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते. ती समजून घ्यायची तर आधी वजनरहित अवस्था म्हणजे नेमके काय ते पाहायला हवे.

वजन जाते, गुरुत्वाकर्षण जात नाही

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते म्हणून माणसे तरंगतात, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवरच फिरते आणि तिथे पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या मानाने जवळजवळ ९० टक्के असते. मग माणूस तरंगतो का? कारण स्थानक आणि त्यातली माणसे दोन्ही एकाच वेगाने पृथ्वीकडे पडत असतात. स्थानकाचा आडवा वेग इतका प्रचंड असतो, की पडता पडता ते पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालत राहते आणि जमिनीला कधी टेकत नाही. पायाखालची जमीनही आपल्याबरोबरच पडत असेल, तर ती आपल्याला वर रेटणार कशी? आपल्याला जाणवते ते वजन म्हणजे जमिनीने दिलेला तो रेटाच असतो. रेटा गेला की वजन गेले.

पृथ्वीवर अशी अवस्था निर्माण करायची तर माणसाला खरोखरच पडू द्यावे लागते. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात १४६ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. त्यातल्या निर्वात नळीतून प्रयोगाची कुपी खाली सोडली की पावणेपाच सेकंदांची वजनरहित अवस्था मिळते. माणसांसाठी विमान वापरतात. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून उडणारे एअरबस जातीचे खास विमान तीव्र चढण घेते, मग इंजिनांचा जोर कमी करून फेकलेल्या चेंडूसारखे कमानीच्या वाटेने जाते. त्या कमानीत सुमारे २२ सेकंद आतली माणसे तरंगतात. एका उड्डाणात अशा ३१ कमानी होतात.

पण २२ सेकंदांत हाड झिजत नाही आणि स्नायूही रोडावत नाही. शरीरावरचे खरे परिणाम दिवसांनी आणि महिन्यांनी दिसतात. ह्यूस्टनमधल्या भल्यामोठ्या तलावात अंतराळवीर तासन् तास सराव करतात, पण तो कामाचा सराव असतो. पाण्यात माणूस तरंगला तरी त्याच्या शरीरातले रक्त, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि पोटातले अवयव यांच्यावर गुरुत्वाकर्षणाचे काम चालूच असते. शिवाय माणसाला महिनाभर पाण्यात ठेवता येत नाही. त्वचाच ते सहन करणार नाही.

रशियन संशोधकांनी यावर एक युक्ती काढली. पाण्याच्या हौदावर जलरोधक कापड सैल पसरायचे आणि त्यात माणसाला मानेपर्यंत बुडवायचे. तो भिजत नाही, पण पाणी त्याला सर्व बाजूंनी सारखे उचलून धरते. पाठीला गादीचा आधार नाही, पायाला जमीन नाही. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे असा पाच दिवसांचा प्रयोग केवळ स्त्रियांवर करण्यात आला, कारण आधीची बहुतेक माहिती पुरुषांवरून मिळालेली होती. मात्र महिनोन् महिन्यांच्या अभ्यासासाठी खाटेला पर्याय नाही.

पायथ्याकडून घसरणारे अंतराळवीर

खाट सहा अंशांनीच का झुकवायची, यामागे सोव्हिएत अंतराळवीरांची एक तक्रार आहे. दीर्घ मोहिमेवरून परतल्यावर सपाट बिछान्यावर झोपताना आपण पायांच्या दिशेने घसरत आहोत, असे त्यांना वाटत असे. पायांकडची बाजू थोडी उचलली की त्यांना बिछाना सपाट वाटे आणि झोप लागे. डॉक्टरांच्या लक्षात आले, की अंतराळातल्या शरीराची सपाटपणाची कल्पनाच बदललेली असते. डोके किंचित खाली ठेवले तर रक्त आणि इतर द्रव अंतराळाप्रमाणेच वरच्या अंगात सरकतात. वेगवेगळे कोन तपासून अखेर सहा अंशांवर एकमत झाले. १९८६-८७ मध्ये मॉस्कोमधल्या संशोधकांनी काही पुरुषांना अशा झुकत्या खाटेवर तब्बल ३७० दिवस ठेवले होते.

या खाटेवर शरीरात काय काय घडते? उभे असताना आपल्या रक्ताचा बराच भाग पायांकडे ओढला जातो आणि हृदय, रक्तवाहिन्या, पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत राहतात. आडवे झाल्यावर, त्यातही डोके खाली असताना, पायांतला द्रव छाती आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, नाक चोंदते, पाय बारीक दिसू लागतात. वर जमलेला द्रव पाहून शरीराचा समज होतो, की एकूण पाणीच जास्त झाले आहे. ते लघवीवाटे बाहेर टाकले जाते आणि रक्तातल्या द्रवाचे प्रमाण घटते. आडवे असेपर्यंत याने काही बिघडत नाही. पण उभे राहायची वेळ आली की रक्त खाली उतरते, वर पोचायला पुरेसे उरत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

पाठीच्या कण्यावरचा भार गेल्याने मणक्यांमधल्या चकत्या फुगतात. अंतराळवीरांची उंची काही सेंटिमीटरनी वाढते आणि पाठ दुखते. खाटेवरच्या स्वयंसेवकांचीही पहिल्या काही दिवसांतली मोठी तक्रार पाठदुखीचीच असते. मांड्या, पोटऱ्या आणि पाठीचे स्नायू, म्हणजे आपल्याला ताठ उभे धरणारे स्नायू, सर्वांत आधी रोडावतात. हाडांचे तसेच. हाड ही निर्जीव खुंटी नव्हे. जुने हाड मोडणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशी त्यात सतत काम करत असतात आणि किती रचायचे हे त्यावर पडणाऱ्या भारावरून ठरते. भार थांबला की मोडणे चालू राहते, रचणे मागे पडते. अंतराळात भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. हाडांतून सुटलेले कॅल्शियम लघवीत उतरते आणि मूतखड्याचा धोका वाढतो.

कधी कधी एखादी क्षुल्लक वाटणारी गोष्टही मोठे रहस्य उलगडते. अंतराळस्थानकावरून परतलेल्या काही अंतराळवीरांच्या डोळ्यांत, दृष्टीची नस जिथे डोळ्याला जोडली जाते तिथे सूज दिसत होती. आधीच्या प्रयोगांत खाटेवरच्या लोकांमध्ये ती आढळत नव्हती. २०१७ मध्ये कोलोनच्या ३० दिवसांच्या प्रयोगात नियम कडक करण्यात आले. डोके क्षणभरही वर उचलायचे नाही, उशी अजिबात नाही आणि खोलीतल्या हवेत अंतराळस्थानकाप्रमाणे कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त. यावेळी ११ पैकी ५ जणांच्या डोळ्यांत तशीच सूज दिसली. दिवसातून काही काळ डोके उंच राहिले तर डोळ्यांचा बचाव होतो की काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

अर्थात खाट म्हणजे अंतराळ नव्हे. खाटेवर पाठीला भार जाणवतोच, कानातल्या तोलाच्या यंत्रणेला खाली कुठे आणि वर कुठे हे कळतच असते आणि अंतराळातले किरणोत्सर्ग इथे नसतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून-जुलैमध्ये सुमारे वीस दिवसांची मोहीम करून परतलेले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांनी सांगितलेला किस्सा अनेकांनी वाचला असेल. परतल्यावर बिछान्यात बसून काम करताना त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि तो शेजारी तरंगत राहील अशा बेताने सोडून दिला. खाली गालिचा होता म्हणून लॅपटॉप वाचला. मेंदूची ही सवय कोणतीही खाट लावू शकत नाही. स्नायू, हाडे, हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्यासाठी मात्र तिच्याइतकी सोयीची प्रयोगशाळा दुसरी नाही.

तीन आठवडे आणि तीस वर्षे

इथवरची गोष्ट अंतराळवीरांची झाली. पण या संशोधनाचा सर्वांत मोठा धडा जमिनीवर राहणाऱ्यांसाठी आहे आणि तो १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस इथे मिळाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. त्यानंतर त्यांच्या शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, म्हणजे दम आणि ताकद यांचे खात्रीचे माप, चौथ्या हिश्श्याहून अधिक घटलेली आढळली. नंतर सुमारे दोन महिन्यांच्या व्यायामाने ती भरून निघाली.

खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, म्हणजे हे पाचही जण पन्नाशीला आलेले असताना संशोधकांनी त्यांना पुन्हा बोलावले. वजने वाढली होती, केस पिकले होते. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्यापेक्षा जास्त नुकसान विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते. शिवाय सहा महिन्यांच्या सावकाश वाढवलेल्या व्यायामाने पन्नाशीतल्या या मंडळींनी विशीत, अंथरूण धरण्याआधी होती तेवढी क्षमता परत मिळवली.

वृद्धांच्या बाबतीत हे गणित आणखी कठोर आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या १२ निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. त्यांना कोणताही आजार नव्हता, जेवणही व्यवस्थित होते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. आता न्यूमोनिया झालेल्या, तोंडाची चव गेलेल्या, ७८ वर्षांच्या आजोबांचे दहा दिवसांत काय होत असेल, याची कल्पना करून पाहा.

तरीही विश्रांतीवरचा आपला विश्वास मोठा आहे आणि एकेकाळी तो डॉक्टरांचाही होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे हलू देत नसत. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी अंथरुणाच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार निरोगी तरुणांना कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये काही आठवडे जखडून ठेवल्यावर त्यांच्या शरीरातून कॅल्शियम कसे बाहेर पडते, याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी झटका आलेल्या रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवून पाहिले. सहकाऱ्यांना ते धाडस वाटले, पण खुर्चीतले रुग्ण चांगले राहिले. आज कंबरेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरही बहुतेक रुग्णांना दुसऱ्याच दिवशी आधाराने उभे केले जाते. साध्या कंबरदुखीतही झोपून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहा, असाच सल्ला मिळतो.

खाटेवरच्या उड्या

अंतराळस्थानकावर अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. मंगळाच्या छोट्या यानात एवढी जागा आणि एवढा वेळ असेलच असे नाही. त्यामुळे कमीत कमी किती आणि कोणता व्यायाम पुरेल, याचा शोध खाटेवर चालू असतो. १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी सॅल्यूत-७ स्थानकावर योगासनांचा प्रयोग केला होता, तोही याच प्रश्नाच्या शोधात.

कोलोनमध्ये २०१५-१६ मध्ये ६० दिवसांचा एक प्रयोग झाला. काही स्वयंसेवकांनी आडव्याच अवस्थेत, घसरगाडीसारख्या यंत्रावर, फळीला पायांनी रेटा देऊन उड्या मारल्या. एका वेळी जेमतेम काही मिनिटे, आठवड्यातून पाच-सहा दिवस. बाकीचे नुसते पडून राहिले. नुसते पडून राहिलेल्यांच्या पायांतली शक्ती आणि दम दोन्ही घटले, उड्या मारणाऱ्यांचे बहुतांशी टिकले. थोडाच, पण जोरकस भार शरीराला पुरतो, असा त्याचा अर्थ.

२०१९ च्या प्रयोगात काही जणांना रोज अर्धा तास गोल फिरणाऱ्या यंत्रात आडवे फिरवून कृत्रिम गुरुत्वाकर्षण देण्यात आले होते. डोके मध्याकडे, पाय बाहेर, म्हणजे रक्त पायांकडे ढकलले जाते. पण स्नायू आणि हाडे वाचवायला नुसते फिरणे पुरेसे ठरले नाही. म्हणून पुढच्या एका प्रयोगात तुलूझमधल्या स्वयंसेवकांनी फिरता फिरता सायकलचे पायडलही मारले. दोन्ही प्रयोगांचा मथितार्थ एकच. शरीराला बाहेरून भार देऊन भागत नाही, त्याने स्वतः काम करायला हवे.

आपल्या घरातली खाट

आपल्या घरात सहा अंशांची खाट नसते, पण अंथरूण असते. आई पडेल म्हणून तिला उठू न देणारी मुले असतात, बाबांचे ताट बिछान्यातच नेऊन देणारी सून असते. हे सगळे प्रेमापोटीच चाललेले असते. पण पडण्याच्या भीतीने झोपवून ठेवलेल्या माणसाचे पाय दहा दिवसांत असे दुबळे होतात, की अकराव्या दिवशी तो खरोखरच पडतो. बाळंतिणीलाही विश्रांती हवीच, मात्र दिवसभर बाजेवरून न हलल्यास पायांतल्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

याचा अर्थ आजारी माणसाला बळेच पळवावे, असा नव्हे. तापात, तीव्र वेदनेत, हाड मोडलेले असताना किंवा हृदय अस्थिर असताना विश्रांती हेच औषध असते. म्हणून डॉक्टरांना एक साधा प्रश्न न विसरता विचारा: रुग्णाला कधी बसवायचे, कधी उभे करायचे आणि कधी चालवायचे? विश्रांतीची मुदत औषधाच्या मात्रेसारखी ठरवून घ्या.

परवानगी मिळाली की सुरुवात अगदी लहान असू द्या. झोपल्या झोपल्या घोटे वर-खाली हलवणे. जेवण बिछान्यात न देता खुर्चीत बसवून देणे. उठताना आधी बिछान्याच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटे बसणे, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही ना हे पाहणे आणि मगच कोणाचा तरी हात धरून उभे राहणे. शौचालयापर्यंत आधाराने चालणे. ताटात डाळ, दूध, दही, अंडी असे प्रथिनांचे काहीतरी. आणि एकदा पडून राहिल्यावर लगेच पूर्वीसारखे चालता आले नाही तर खचून न जाणे, कारण धडधाकट तरुणांनाही तीन आठवड्यांची भरपाई करायला दोन महिने लागले होते.

कोलोनच्या खाटेवरून साठ दिवसांनी उठलेल्या निरोगी, निवडून घेतलेल्या माणसांना पुन्हा पायांवर आणण्यासाठी १४ दिवसांची व्यवस्था, व्यायामतज्ज्ञ आणि डॉक्टर तैनात होते. आपल्या घरातल्या आजीसाठी एवढे कोणी नसते. तिच्यासाठी तिच्या शेजारी उभे राहून हात पुढे करणारे एखादे माणूस पुरते. आज तिला खुर्चीपर्यंत आणता आले, तर उद्या ती खिडकीपर्यंत येईल.